विषय: आईबाबांसाठी टॅब – आयपॅड की अँड्रॉइड?

अ‍ॅम्स्टेल्वेनहून

नमस्कार मंडळी,

आईबाबा पुढच्या महिन्यात ९० दिवसांच्या व्हिसावर नेदरलँड्सला येत आहेत. त्यांना एक टॅब घ्यायचा आहे, परत जाताना तो सांगलीला नेतील. वापर रोजचा आणि साधा: मराठी वर्तमानपत्रांच्या साइट्स, ई-पेपर, यूट्यूब, व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल, महिन्यातून दोन-चारदा बँकेचं नेटबँकिंग. दोघांचेही फोन अँड्रॉइड आहेत.

समोर चार पर्याय आहेत: सॅमसंग गॅलेक्सी टॅब ए९ प्लस (४ जीबी रॅम, ६४ जीबी स्टोरेज, सध्या सवलतीत), लेनोवो टॅब एम११, अ‍ॅमेझॉन फायर एचडी १० आणि ए१६ चिपचा आयपॅड. आयपॅड सगळ्यात महाग पडतो. फक्त वेब बघायचं तर स्वस्तातला का नको, असं घरात चाललंय. जाणकारांनी सांगावं.

---

आइंडहोवेनहून

नमस्कार ताई,

"फक्त वेब" म्हणजे हलकं काम, हा समज आधी सोडा. टॅबवर आज सगळ्यात जड काही असेल तर ते बातम्यांचं पान. गाणं किंवा सिनेमा चालवायला चिपमध्ये वेगळा भाग असतो, त्यामुळे स्वस्त टॅबवरही यूट्यूब सुरळीत चालतं. बातमीच्या पानावर मात्र मजकूर दोन परिच्छेद आणि भोवती आपोआप सुरू होणारा व्हिडिओ, सरकत्या जाहिराती, माग काढणाऱ्या स्क्रिप्ट. हे सगळं रॅममध्ये, म्हणजे चालू काम ठेवायच्या तात्पुरत्या जागेत, बसवावं लागतं आणि मुख्य प्रोसेसरलाच ओढावं लागतं.

रॅम कमी पडली की काय होतं ते नीट समजून घ्या, कारण दुकानात ते दिसत नाही. अशी तीन पानं उघडली, मग व्हॉट्सअ‍ॅपचा कॉल घेतला, की सिस्टिम मागची पानं मारून टाकते. परत आलं की पान पांढरं होतं, नव्याने लोड होतं आणि वाचत होतो ती ओळ हरवते. नेटबँकिंगमध्ये अर्धा भरलेला फॉर्म असाच जातो. म्हाताऱ्या माणसाला वाटतं, आपलंच काहीतरी चुकलं. खरं तर जागा संपलेली असते.

म्हणून ए९ प्लस घेणार असाल तर ४/६४ वाला घेऊ नका. तोच टॅब ८ जीबी रॅम आणि १२८ जीबी स्टोरेजमध्येही येतो. सवलत बहुतेक वेळा ४/६४ वर लावलेली असते आणि जाहिरातीत दोन्हींचं नाव एकच असतं, तेव्हा खोक्यावरचा आकडा बघूनच पैसे द्या. "रॅम प्लस" किंवा "व्हर्च्युअल रॅम" या नावाने जो जादा आकडा दाखवतात, ती स्टोरेजमधली उसनी जागा असते. ती खऱ्या रॅमपेक्षा कितीतरी मंद असते, तिला हिशेबात धरू नका.

लेनोवो एम११ दिसायला जवळपास तसाच, पण त्यात मीडियाटेक हेलिओ जी८८ ही चिप आहे. तिचे दोन मोठे कोअर (चिपमधले प्रत्यक्ष काम करणारे भाग) जुन्या कॉर्टेक्स-ए७५ पिढीचे. ए९ प्लसमधल्या स्नॅपड्रॅगन ६९५ चिपचे मोठे कोअर त्याहून नव्या ए७८ वर बेतलेले आहेत. लहान सहा कोअर दोन्हींत सारखेच. वेबचं पान लोड होताना बराचसा भार एकाच कोअरवर पडतो, त्यामुळे हा फरक बोटाला कळतो: स्क्रोल करताना पान अडखळतं आणि मग एकदम उडी मारतं.

फायर एचडी १० यादीतून काढून टाका. रॅम ३ जीबी, गूगल प्ले स्टोअर नाही, म्हणजे क्रोम नाही आणि मराठी टायपिंगला जीबोर्ड (गूगलचा कीबोर्ड) नाही. स्वस्त मॉडेलच्या लॉक स्क्रीनवर जाहिराती येतात. प्ले स्टोअर बाहेरून बसवता येतं, पण सांगलीत एखादं अपडेट अडलं की ते निस्तरायला तिथे कोण?

राहिला आयपॅड. रॅमचा आकडा अ‍ॅपल छापत नाही, ए१६ मध्ये ती ६ जीबी आहे, स्टोरेज किमान १२८. चिप या यादीत सगळ्यात वेगवान, त्यात तुलनाच नाही. पण माझं मत विचाराल तर पडदा हे त्याहून मोठं कारण आहे. आयपॅडच्या पडद्यावर इंचाला २६४ पिक्सेल, ए९ प्लसवर साधारण २०६. इंग्रजी वाचताना हा फरक फारसा जाणवत नाही, देवनागरीत जाणवतो. "राष्ट्रीय", "विद्युत", "उद्ध्वस्त" हे शब्द लहान टाइपात दोन्हींवर शेजारी ठेवून बघा. कमी पिक्सेलच्या पडद्यावर "ष्ट्र"चे पाय एकमेकांत मिसळतात, रफार आणि अनुस्वार जवळ आले की एकच ठिपका दिसतो. सत्तरीतल्या डोळ्यांना ई-पेपर वाचायचा तर याला किंमत आहे.

आकारही बघा. दोन्ही "११ इंची", पण उभे धरले तर आयपॅडची रुंदी सुमारे १५.८ सेंटिमीटर भरते आणि ए९ प्लसची १४.८. वर्तमानपत्राचं अख्खं पान बसवायचं तर तो एक सेंटिमीटर कामी येतो. सिनेमा बघायला उलट सॅमसंगचा लांबट पडदा बरा.

---

हेगहून

नमस्कार,

पडद्याबद्दल दादांचं म्हणणं मान्य, पण निष्कर्ष मान्य नाही. दोघांचेही फोन अँड्रॉइड असताना हातात आयपॅड देणं म्हणजे नवा अ‍ॅपल आयडी, नवा पासवर्ड, मागे जाण्याची नवी पद्धत. फोनवर कडेकडून बोट सरकवून किंवा खालचं बटण दाबून मागे जायची सवय असते. आयपॅडवर दर अ‍ॅपमध्ये "मागे" कुठे आहे ते शोधावं लागतं. तीन महिन्यांत जमेलही, पण परत गेल्यावर अडलं तर शेजारच्या मुलालाही अँड्रॉइडच ठाऊक असतं.

दुसरा मुद्दा जाहिरातींचा. दादांनी रोग बरोबर सांगितला, मग औषधही सांगतो. अँड्रॉइडवर फायरफॉक्स बसवा, त्याच्या मेनूत "एक्स्टेन्शन्स"मध्ये जाऊन यूब्लॉक ओरिजिन घाला. जाहिराती आणि माग काढणाऱ्या स्क्रिप्ट लोडच होत नाहीत, त्यामुळे तेच बातमीचं पान निम्म्याहून हलकं झाल्यासारखं चालतं. अँड्रॉइडवरच्या क्रोममध्ये ही सोय नाही. आयपॅडवर सफारीला कंटेंट ब्लॉकर लावता येतात, तेही बरं काम करतात. एखादी साइट "ब्लॉकर बंद करा" म्हणून अडून बसली तर यूब्लॉकच्या खिडकीतलं मोठं बटण दाबून तेवढ्या साइटपुरतं बंद करायचं. हे आईबाबांना एकदा हाताने करायला लावा.

आणि टॅब देण्याआधी नोटिफिकेशन बंद करा. बातम्यांच्या साइट्स "सूचना पाठवू का?" विचारतात, माणूस "अलाउ" दाबून मोकळा होतो. महिन्याभराने पडद्यावर "तुमच्या टॅबमध्ये व्हायरस आहे" अशा पट्ट्या येऊ लागतात. तो व्हायरस नसतो, कुठल्यातरी साइटला दिलेली परवानगी असते. क्रोममध्ये सेटिंग्ज, साइट सेटिंग्ज, नोटिफिकेशन्स इथे जाऊन सरसकट बंद करा.

---

आइंडहोवेनहून

फोनच्या सवयीचा मुद्दा पटला. या घरासाठी मीही अँड्रॉइडच म्हणेन, पण ८/१२८ हाच. तो मिळत नसेल तर आयपॅड घ्या, ४/६४ कडे मात्र वळू नका.

एक गोष्ट राहिली, आणि ती किमतीइतकीच महत्त्वाची आहे. २० जून २०२५ पासून युरोपीय संघात टॅबवर ऊर्जा लेबल आलं आहे, फ्रिजवर असतं तसंच. नव्याने बाजारात येणाऱ्या टॅबला मॉडेलची विक्री संपल्यानंतर किमान ५ वर्षं सॉफ्टवेअर अपडेट देणं निर्मात्याला बंधनकारक आहे, आणि बॅटरी ८०० चार्जनंतरही ८० टक्के क्षमता धरणारी हवी. लेबलवर एका चार्जमध्ये किती तास, पडझड किती सोसतो, दुरुस्ती किती सोपी, हेही असतं. त्यावरचा क्यूआर कोड फोनने स्कॅन केला की अपडेटची हमी किती वर्षांची ते कळतं. ए९ प्लस ऑक्टोबर २०२३ चं मॉडेल आहे. दुकानातल्या एखाद्या टॅबला लेबल नसेल तर तो त्या तारखेआधीचा साठा आहे असं धरा आणि त्याच मालिकेतलं नवं, लेबलवालं मॉडेल मागा. वेबसाठी वापरायच्या टॅबला सुरक्षा अपडेट थांबणं म्हणजे नेटबँकिंग थांबवणं.

ऑनलाइन घेतला तर १४ दिवसांत कारण न देता परत करता येतो. दुकानात जाऊन घेतलेल्याला तो हक्क नाही. नेदरलँड्समध्ये वस्तूचं वाजवी आयुष्य संपेपर्यंत दोषाची जबाबदारी विक्रेत्याची असते, दोन वर्षांवर ती संपत नाही. पण हे सगळं इथे. युरोपात घेतलेल्या सॅमसंगची वॉरंटी सांगलीत चालेल असं गृहीत धरू नका. म्हणून इथे असतानाच भरपूर वापरून घ्या.

---

अ‍ॅम्स्टेल्वेनहून

खूप आभार. ८ जीबीवालाच बघते. आणखी तीन शंका: व्हॉट्सअ‍ॅप फोनवर आणि टॅबवर दोन्हीकडे चालेल ना? बँकेचं अ‍ॅप टॅबवर टाकू का? आणि आईला मराठीत लिहायचं असतं, ते कसं?

---

हेगहून

ताई, व्हॉट्सअ‍ॅपमध्येच सगळ्यात मोठी चूक होते. टॅबवर अ‍ॅप उघडल्यावर ते फोन नंबर मागू शकतं. तिथे नंबर टाकून ओटीपी दिलात की खातं टॅबवर सरकतं आणि फोनवरचं बंद पडतं. नंबर टाकायचाच नाही. वरच्या तीन ठिपक्यांतून जोड-उपकरण म्हणून लिंक करायचा पर्याय निवडा, पडद्यावर क्यूआर कोड येईल. मग बाबांच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅप, "लिंक्ड डिव्हायसेस", "लिंक अ डिव्हाइस", आणि कोड स्कॅन. एका खात्याला अशी ४ उपकरणं जोडता येतात. फोनवर १४ दिवस व्हॉट्सअ‍ॅप उघडलंच नाही तर टॅब आपोआप तुटतो, तेव्हा फोन कपाटात ठेवून देऊ नका. आयपॅडलाही मे २०२५ पासून व्हॉट्सअ‍ॅपचं स्वतःचं अ‍ॅप आहे, त्यामुळे या बाबतीत आता दोन्ही सारखे.

बँकेचं अ‍ॅप टॅबवर नको. ही अ‍ॅप्स आणि यूपीआय नोंदणीवेळी बँकेत दिलेल्या नंबरचं सिम त्याच उपकरणात आहे का ते एसएमएस पाठवून तपासतात. वाय-फाय टॅबमध्ये सिमच नाही, नोंदणी तिथेच अडकते. टॅबवर ब्राउझरमधून नेटबँकिंग, ओटीपी फोनवर, ही जोडी चांगली चालते: एका पडद्यावर फॉर्म, दुसऱ्यावर आकडे, पान सोडून जावं लागत नाही. भारतीय सिमवर रोमिंग मात्र निघण्यापूर्वी तिथेच चालू करून घ्यायला सांगा, नाहीतर इथे ओटीपी येणारच नाही.

टॅबवर गूगल खातं बाबांचंच घाला, तुमचं नको. प्ले स्टोअरचा देश खात्याला चिकटलेला असतो. तुमचं डच खातं घातलं तर काही भारतीय अ‍ॅप्स शोधूनही सापडणार नाहीत.

---

आइंडहोवेनहून

मराठी टायपिंग: प्ले स्टोअरवरून जीबोर्ड घ्या. सॅमसंगवर सेटिंग्ज, जनरल मॅनेजमेंट, कीबोर्डच्या यादीत जाऊन तोच नेहमीचा म्हणून निवडा. मग कीबोर्डवरचं दातेरी चाक, लँग्वेजेस, अ‍ॅड कीबोर्ड, मराठी. इथे दोन मांडण्या लागतील. एक देवनागरी अक्षरांची. दुसरी रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवणारी, म्हणजे "एबीसी"कडून "मराठी"कडे बाण असलेली. दुसरीत "न" की "ण", "ल" की "ळ" हे कीबोर्ड अंदाजाने ठरवतो. "बाल" हवं असताना "बाळ" येतं. वरच्या पट्टीतला योग्य शब्द निवडून मग पुढे जायचं, स्पेस आधी दाबली तर चुकीचा शब्द पक्का होतो. आईंना हे जिकिरीचं वाटलं तर माइक दाबून मराठीत बोलायला सांगा. लांब निरोपासाठी तेच सोपं पडतं, विरामचिन्हं तेवढी हाताने घालायची.

अक्षर मोठं करताना टॅबच्या सेटिंग्जमधला फाँट एका टप्प्याने वाढवा आणि बाकीचं ब्राउझरमध्ये करा. सगळं एकाच ठिकाणी वाढवलं की बँकेच्या पानावरची बटणं पडद्याबाहेर जातात. एखाद्या जुन्या मराठी साइटवर अक्षरांऐवजी अगम्य चिन्हं दिसली तर टॅबला दोष देऊ नका. ती साइट युनिकोडपूर्व, म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं येण्याआधीच्या, फाँटात आहे, ती आयपॅडवरही तशीच दिसेल.

ए९ प्लसच्या खोक्यात केबल येते, चार्जर येत नाही. तो १५ वॅटपर्यंतच घेतो, त्यामुळे घरातला कुठलाही बरा यूएसबी-सी चार्जर पुरतो, ६५ वॅटचा वेगळा घेऊ नका. टॅब कायम चार्जरला लावून ठेवायची सवय असेल तर सेटिंग्जमधलं बॅटरी प्रोटेक्शन चालू करा.

---

ग्रोनिंगेनहून

सगळे नव्याबद्दल बोलत आहेत, म्हणून जुन्याबद्दल थोडं. कमी बजेट असलेल्यांना वापरलेला नवव्या पिढीचा आयपॅड मिळू शकतो. २०२१ चा, ए१३ चिप, रॅम ३ जीबीच, पण पडदा तोच २६४ पिक्सेलचा आणि हेडफोनची पिनही आहे. आयपॅडओएस २६ ही अ‍ॅपलची सिस्टिम त्यावर चालते. चार्जिंग लाइटनिंगचं, केबल वेगळी लागेल.

घेताना विक्रेत्यासमोरच तो पूर्ण पुसायला लावा आणि पहिल्या पडद्यापासून वाय-फायवर सुरू करा. मधे जुन्या मालकाचा अ‍ॅपल आयडी मागितला तर तो कुलूपबंद आहे. "रिमोट मॅनेजमेंट" असं आलं तर तो एखाद्या कंपनीचा किंवा शाळेचा आहे. दोन्ही वेळेस पैसे न देता उठा. या मॉडेलमध्ये बॅटरीची तब्येत सेटिंग्जमध्ये दिसत नाही. म्हणून १०० टक्क्यांवरून अर्धा तास यूट्यूब लावून बघा. ८ टक्क्यांहून जास्त उतरली तर बॅटरी दमलेली आहे असं मी मानतो.

नव्या टॅबलाही पहिल्याच आठवड्यात एक परीक्षा घ्या. बातम्यांची पाच पानं उघडा, मधेच दहा मिनिटांचा व्हिडिओ कॉल करा, परत या. पहिलं पान होतं तिथेच दिसलं तर ठेवा. पांढरं होऊन पुन्हा लोड झालं तर १४ दिवस संपायच्या आत परत पाठवा.