अनुभव धागा: जुन्या डिझेल गाडीत बायोडिझेल घातल्यावर नेमके काय बिघडले?

माझ्या २००३ सालच्या डिझेल हॅचबॅकमध्ये गेली दोन वर्षे वापरलेल्या खाद्यतेलापासून केलेले बायोडिझेल चालते आहे. नागपुरात पोहे-समोशांच्या कढया पहाटेपासून तापत असल्यामुळे कच्च्या मालाला तोटा नाही. तोटा आहे तो बिघाडाचे कारण शांतपणे शोधणाऱ्यांचा. गाडी अडली की गॅरेजमधले पहिले वाक्य "साहेब, हे तेल बंद करा" आणि दुसरे "पंप खोलावा लागेल" असे ठरलेले असते. म्हणून हा धागा. गाडीचे वय, मिश्रणाचे प्रमाण, दिसलेले लक्षण आणि अखेर सापडलेले कारण प्रत्येकाने आपल्या वस्तीचे किंवा गावाचे नाव वर देऊन लिहावे. कॉमन रेल इंजिने, म्हणजे एकाच सामाईक नळीतून सर्व सिलिंडरांना इंधन पुरवणारी नव्या पद्धतीची डिझेल इंजिने, मात्र येथे नकोत. त्यांच्यातले दाब फार मोठे आणि फटी फार सूक्ष्म असल्याने आपले तोडगे तिथे महागात पडतील.

सुरुवात माझ्यापासून करतो. निम्मे डिझेल आणि निम्मे बायोडिझेल अशी दुसरी टाकी संपत आली असताना वर्धा रोडवर, बुटीबोरीच्या अलीकडे, गाडीचा पिकअप गेला आणि काटा ६०च्या पुढे सरकेना. फिल्टर बदलल्यावर गाडी पूर्ववत पळाली, पण ३०० किलोमीटरांनंतर पुन्हा तेच रडगाणे. तेव्हा काढलेला फिल्टर मी हॅक्सॉने कापून पाहिला. आत भरलेले इंधन सोनेरी होते आणि कागदाच्या घड्यांवर मात्र डांबरासारखा काळा चिकट थर बसला होता. तो मळ नव्या इंधनाचा नव्हता. इतक्या वर्षांत टाकीच्या तळाशी साचलेला गाळ बायोडिझेलने विरघळवून पुढे ढकलला होता. टाकी उतरवून धुतली आणि प्रश्न मिटला.

सक्करदरा

माझी गाडी रात्रभर उभी राहिली की सकाळी सुरू होऊन दोन सेकंदांत बंद पडायची. हँड प्रायमर (हाताने इंधन पुढे ढकलायचा छोटा पंप) दहा-बारा वेळा दाबला की मग दिवसभर तक्रार नसे. मेकॅनिकने इंधनाचा मुख्य पंप उतरवून कॅलिब्रेशनला (तपासून जुळवून घ्यायला) पाठवला, त्याचे पैसे मी भरले आणि चौथ्या दिवशी गाडी पुन्हा तशीच. शेवटी धाकटा भाऊ म्हणाला, "दादा, पंपाच्या आधी वीतभर पारदर्शक नळी लावून तर बघ." नळी लावून सेल्फ मारला, तर साबुदाण्याएवढे बुडबुडे एकामागून एक पंपात शिरताना दिसले. गाडी एअर घेत होती. नोझलवरून (इंजिनात इंधनाचा फवारा मारणाऱ्या तोटीवरून) परतीचे इंधन आणणाऱ्या, कापडी वेष्टनाच्या बारीक रबरी नळ्या बोटांत धरल्या, तर त्या फुगलेल्या, मऊ आणि बाहेरून ओलसर लागल्या. रात्री तिथून हवा शिरून इंधन टाकीकडे उतरत होते. जुने रबर बायोडिझेलला टिकत नाही, हे मला पंप खोलण्याआधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. आता सर्व नळ्या व्हिटॉनच्या, म्हणजे बायोडिझेलला टिकणाऱ्या कृत्रिम रबराच्या आहेत.

धंतोली

डिसेंबर २०१८ मध्ये नागपूरचा पारा ३.५ अंशांवर उतरला, त्या आठवड्यातली गोष्ट. फिल्टरच्या पारदर्शक वाटीत डालड्यासारखे पांढरे गोळे दिसत होते. माझे बायोडिझेल पामतेलाचे होते, आणि ते तर १५ अंशांच्या आसपासच गढूळ होऊ लागते. फिल्टरवर कोमट पाण्याचा कपडा गुंडाळला आणि तासाभराने गाडी निघाली. हिवाळ्यात मी आता ८० टक्के डिझेलच ठेवतो.

काटोल

आम्ही अधिक धाडस केले आणि त्याची किंमतही मोजली. सासऱ्यांच्या जीपमध्ये कोणतीही प्रक्रिया न केलेले, फक्त गाळलेले करंजीचे तेल घातले. १९०० सालच्या पॅरिस प्रदर्शनात डिझेल इंजिन शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखवले होते, हा दाखला आम्ही येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत असू. तो खोटा नाही. पण ४० अंश तापमानालाही अशी तेले डिझेलच्या दहापट दाट असतात, हे आम्ही ऐकवत नव्हतो. तीन महिन्यांनी आवाज जड झाला, पांढरा धूर येऊ लागला, आणि ज्याकडे आम्ही दुर्लक्ष केले ते म्हणजे डिपस्टिकवर (ऑइल मोजायच्या पट्टीवर) इंजिन ऑइलची पातळी भरल्यापेक्षा वर गेली. मामांना (सासऱ्यांना) वाटले, ऑइल खात नाही म्हणजे इंजिन ठणठणीत आहे! प्रत्यक्षात नोझलच्या तोंडावर कार्बन चढल्यामुळे फवाऱ्याऐवजी धार पडत होती, न जळलेले तेल पिस्टनच्या रिंगांवरून खाली संपमध्ये (इंजिन ऑइलच्या तळाच्या भांड्यात) उतरत होते आणि डिझेलसारखे उडून न जाता तिथेच दाट होत होते. ऑइल काढायला बोल्ट उघडला, तेव्हा आधी काही आलेच नाही. मग जेलीसारखा लपका पडला. नोझल, रिंगा आणि बेअरिंग असा खर्च झाला.

लक्ष्मीनगर

नागपूरच्या एलआयटीत (लक्ष्मीनारायण इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत) तेलांचे तंत्रज्ञान शिकल्यामुळे दोन शब्द. वरील बऱ्याच तक्रारींआधी इंधनच तपासायला हवे. २७ मिली मिथेनॉलमध्ये ३ मिली बायोडिझेल ढवळून, झाकून अर्धा तास ठेवावे. तळाशी थेंब राहिले, तर तेलाचे बायोडिझेलमध्ये रूपांतर अपुरे झाले आहे. दुसऱ्या बाटलीत नुसत्या बायोडिझेलमध्ये निम्मे पाणी घालून हलवल्यावर मेयोनीजसारखा फेस टिकला, तर त्यात साबण उरला आहे आणि तोच फिल्टर बंद करतो. मिथेनॉल विषारी आहे आणि सहज पेटतेही. ते स्वयंपाकघरात हाताळू नये.

पुन्हा धागाकर्ता

लक्ष्मीनगरच्या पद्धतीने काल माझे इंधन तपासले. तळाशी एक थेंब राहिलाच. काटोलचे वाचून लगेच डिपस्टिक पाहिली, पातळी वरच्या खुणेपेक्षा बोटाच्या नखाएवढी जास्त आहे. ऑइल आजच काढतो आणि नोझल रविवारी उतरवून त्यांचा फवारा तपासून घेतो. काय निघाले ते याच धाग्यावर लिहीन.