'माहितीपटा'त माहिती असायलाच हवी का? आणि पाच ओळींच्या परीक्षणाला काय म्हणावं?

बोरीकाठची (अमळनेर)
एका छोट्या मासिकात मी पाहिलेल्या सिनेमांवर पाच-सहा ओळी लिहिते. बड्या निर्मात्याच्या पैशाशिवाय काढलेले कथापट आणि डॉक्युमेंटरी, एवढंच त्यात असतं. संपादकांनी सदराला नाव मागितलंय आणि तिथेच गाडी अडली आहे. 'समीक्षा' पाच ओळींना पेलत नाही. 'परीक्षण' म्हटलं की राज्य नाट्य स्पर्धेच्या जळगाव केंद्रावरचे परीक्षक डोळ्यांपुढे येतात, गुणपत्रिका घेऊन बसलेले. 'रसग्रहण' दहावीच्या पेपरात अडकून पडलंय. 'शेरा' तर मारायचाच असतो.

दुसरी अडचण 'इंडिपेंडंट'ची. सगळे 'स्वतंत्र' लिहून मोकळे होतात. पण आपल्याकडे संहिता स्वतंत्र असते म्हणजे ती अनुवादित किंवा रूपांतरित नसते. 'स्वतंत्र नाटक' वाचून पैसा कुणाचा हा प्रश्न कुणाच्या मनात येईल? आणि सिनेमातल्या 'ड्रामा'ला 'नाट्य' म्हणावं तर वाचक थेट संभाजीराजे नाट्यगृहात जाऊन बसतो. 'ड्रामा' तसाच ठेवला तर 'उगा ड्रामा करू नको' आठवतं.

पांझरा (धुळे)
ताई, 'टिप्पणी' तेवढी टाळा. आमचा जन्म कचेरीत गेला. टिप्पणी म्हणजे फायलीवर चढतो तो मजकूर, खाली साहेबाची सही. 'टिपण' बरं, पण ते स्वतःपुरतं करतात. मी 'दखल' म्हणेन. मासिकांत पूर्वी 'साभार पोच' असायची: पुस्तकाचं नाव, लेखक, पानं, किंमत, संपलं. दखल त्याच्या एक पायरी वर. पाहिलं, काहीतरी बोलावंसं वाटलं, इतकंच त्यात कबूल होतं. निकाल लागत नाही.

'इंडिपेंडंट'ला 'समांतर' मात्र लिहू नका. समांतर सिनेमातल्या बऱ्याच चित्रपटांना १९६० साली निघालेल्या फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचं, म्हणजे सरकारचंच, कर्ज होतं. 'कमी खर्चाचा' लिहिलं तर कीव केल्यासारखं वाटतं. 'स्वबळावर काढलेला' कसं वाटतं? जरा निवडणुकीचा वास येतो म्हणा. 'ड्रामा'ला कथापट पुरे, तुम्ही स्वतःच वर तो शब्द वापरलाय.

गिरणेचा भो (भडगाव)
दखल पास. माझं भांडण 'माहितीपटा'शी आहे. या शब्दामुळे लोक वही-पेन घेऊन बसतात आणि बाहेर पडताना म्हणतात, 'माहिती काही फारशी मिळाली नाही भो.' परीक्षणं लिहिणारेही तेच करतात: विषय काय, आकडे किती, संपलं.

'डॉक्युमेंटरी' हा मूळ इंग्रजी शब्द रूढ झाला तो एका परीक्षणातूनच. ८ फेब्रुवारी १९२६ ला 'न्यूयॉर्क सन'मध्ये जॉन ग्रिअरसनने रॉबर्ट फ्लाहर्टीच्या 'मोआना'बद्दल लिहिलं. सामोआ बेटावरच्या एका तरुणाचा आणि त्याच्या घरच्यांचा तो चित्रपट. ग्रिअरसन म्हणाला, त्याला दस्तऐवज म्हणून मोल आहे, पण ते दुय्यम. त्याला जास्त भावला होता तो उन्हातल्या बेटाचा अनुभव. म्हणजे शब्द देणाऱ्यानेच माहितीला दुसऱ्या नंबरवर बसवलं होतं. आपण तीच उचलून नावात घातली!

मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, बोलीने आपल्या उंबऱ्यावरचं. 'सुपरमेन ऑफ मालेगाव' (२००८) घ्या, तिथल्या हौशी मंडळींनी स्वतःचा सुपरमॅन सिनेमा कसा काढला त्यावरचा. त्याची दखल मी अशी लिहीन:

'यंत्रमागावर राबणारा किडकिडीत शफीक इथे सुपरमॅन आहे. व्हिडिओ पार्लर चालवलेला नासिर शेख दिग्दर्शक. मध्येच कॅमेरा पाण्यात पडतो, मध्येच हीरोचं लग्न निघतं. शूटिंग थांबतं, पुन्हा सुरू होतं. फैजा अहमद खान यांच्या या चित्रपटात पोट धरून हसू येतं, पण टिंगल कुणाचीच होत नाही.'

मागांची संख्या नाही, उलाढाल नाही. याला माहितीपट म्हणायचं?

शहादेकर
म्हणायचं. जुना शब्द 'अनुबोधपट' होता, त्यात तर बोध घेतल्याशिवाय सुटका नव्हती! त्यापेक्षा माहिती परवडली.

मला गंमत वाटते ती क्रियापदाची. पिच्चर लागतो, नाटकाचा प्रयोग होतो, यात्रेत तमाशा उभा राहतो. माहितीपट 'दाखवतात'. तो आपण होऊन कुठे लागलाय, असं ऐकलंय कधी? सरकारच्या फिल्म्स डिव्हिजनची (स्थापना १९४८) रीळ थेटरात मुख्य पिच्चरआधी सक्तीने दाखवायचे, तेव्हा लोक बाहेर विडी संपवत उभे असायचे. 'ते झालं का?' विचारून मग आत. सवय तेव्हाची आहे, दोष एकट्या शब्दाचा नाही.

आणि एक. आमच्याकडची कॉलेजची पोरं सरसकट 'शॉर्ट फिल्म' म्हणतात. आनंद पटवर्धनांचा 'जय भीम कॉम्रेड' (२०११) चौदा वर्षं चित्रित होत होता, लांबी तीन तासांच्या वर. त्याला शॉर्ट फिल्म म्हणणाऱ्याला एकदा पूर्ण बसवावं. लघुपट ही लांबी झाली, माहितीपट हा प्रकार.

बोरीकाठची (अमळनेर)
'दखल' पक्कं. 'स्वबळावर' नको पांझराअण्णा, वाचक आधी पक्ष विचारतील. पहिल्या ओळीतच पैसा कुणी घातला ते लिहीन: मित्रांची वर्गणी, घर गहाण, जे असेल ते. मग विशेषणाची गरज उरत नाही.

भो, 'माहितीपट' ठेवते. आमच्या गल्लीत तोच कळतो. तुमचा मुद्दा मात्र पटला, म्हणून विषय पहिल्या वाक्यात उरकेन आणि उरलेल्या चार ओळी दिसलं-ऐकलं त्यालाच देईन.

शहादेकर
आणि शेवटी मिनिटं टाका, ताई. एस.टी. धरायची असते लोकांना.