सालीच्या नॅनोपुडीने सांडपाणी शुद्ध? टाळ्या वाजवण्याआधी थांबा

खरखरीत: कालपासून एक व्हिडिओ फिरतोय. बाटलीत निळं पाणी, त्यात संत्र्याच्या सालीची नॅनोपूड, दोनदा हलवलं की पाणी नितळ. मथळा: "कापड कारखान्यांचा प्रश्न सुटला!" अहो, तो रंग मिथिलीन ब्लू. त्याच्यावर धन प्रभार, सालीवर ऋण, चिकटणारच! त्याला नॅनो कशाला, साधा लाकडाचा भुसाही पुरतो. सुती कापडाचे रिॲक्टिव्ह रंग ऋण प्रभाराचे असतात. वर पाण्यात मीठ मरणाचं, पीएच १०-११. तिथे करून दाखवा.

हिरवळ: तुम्हाला काहीच चालत नाही. पुडीवर अमाइन गट, म्हणजे धन प्रभार घेऊ शकणारे नायट्रोजनचे गट, बसवले की ऋण रंगही धरला जातो. मॅग्नेटाइट, म्हणजे चुंबकाला चिकटणारं लोहाचं ऑक्साइड, मिसळलं की चुंबकाने पूड बाहेर. आणि साली नाहीतरी फेकल्याच जातात ना?

जिगरवाला: बाहेर काढून ठेवणार कुठे? मी प्रोसेस हाऊसच्या, म्हणजे कापड रंगवणाऱ्या कारखान्याच्या, ईटीपीवर (सांडपाणी शुद्धीकरण केंद्रावर) होतो. रंग पाण्यातून निघाला म्हणजे स्लजमध्ये, तळाच्या गाळात, जाऊन बसला, एवढंच. पोती उघड्यावर, पाऊस पडला की लाल ओघळ थेट गटारात. मालकाला सांगितलं तर म्हणे, ताडपत्री टाक.

अर्धी_पीएचडी: पानांच्या अर्कातल्या चांदीच्या नॅनोकणांचे शोधनिबंध बघा. रंग मिनिटांत गायब! पण भांड्यात सोडियम बोरोहायड्राइडही असतं. खरं काम त्याचं, चांदी नुसती उत्प्रेरक. मिथिलीन ब्लू तर फक्त बिनरंगी रूपात जातो, बोरोहायड्राइड संपलं आणि हवा लागली की पुन्हा निळा. गाईडना हे बोलले तर उत्तर: "शीर्षकात हरित असू दे, छापून येतं."

मास्तर: सगळं खापर गाईडवर? मीही गाईड आहे. विद्यार्थीच नवं झाड घेऊन येतात: तीच कृती, तोच रंग, तोच लँगम्युअरचा आलेख (पूड किती रंग धरते ते दाखवणारा). खरं सांडपाणी आणा म्हटलं की तोंडं वाकडी.

अर्धी_पीएचडी: आणलं होतं. आकडे वाईट आले म्हणून प्रबंधातलं ते प्रकरणच वगळायला लावलं. सांगा आता, तोंड कोणाचं वाकडं?

मास्तर: एका माणसावरून सगळ्यांना झोडपू नका. आणि आवाज खाली.

खरखरीत: धागा सांडपाण्याचा आहे हो! गाईडपुराण वेगळ्या धाग्यावर काढा.

हिरवळ: बरं, चिकटवायचंच नको. झिंक ऑक्साइडचे नॅनोकण उजेडात रंग तोडतात. मग स्लज कुठला?

जिगरवाला: गडद पाण्यात उजेड शिरतो किती? आणि रंग गेला म्हणजे रेणू संपला असं नाही. ॲझो बंध, म्हणजे रंग देणारा नायट्रोजनचा जोड, तुटला की पाणी नितळ दिसतं, तुकडे आतच. सीओडी, म्हणजे पाण्यातली घाण विघटित करायला लागणारा ऑक्सिजन, मोजलात का?

हिरवळ: व्हिडिओत नाही मोजला. मथळा फालतू होता, घ्या, झालं समाधान? पण ईटीपीतून निघालेल्या फिकट पाण्याला शेवटचा हात म्हणून वापरायला काय हरकत आहे?

जिगरवाला: हरकत नाही. उलट तिथेच जमलं तर जमेल. फक्त पूड पुन्हा वापरायची तर ती आम्लाने नाहीतर अल्कलीने धुवावी लागेल. ते रंगीत धुवण कुठे ओतणार, तेवढं ठरवून या.