देवाने आधीच निवड केली असेल, तर भावासाठी प्रार्थना कशाला करायची?

ओंजळ (प्रश्न)

सर्वांना सलाम. माझा धाकटा भाऊ आता मंडळीत येत नाही. भांडण झालं नाही की कुणी दुखावलं नाही. शिक्षण संपता संपता एक दिवस त्याने शांतपणे सांगितलं, "माझा विश्वास उरलेला नाही," आणि उपासनेला येणं थांबवलं. आई रोज पहाटे त्याच्यासाठी प्रार्थना करायची, नाव घेऊन, मोठ्याने. मध्यंतरी मंडळीतल्या एका वडीलजनांनी तिला समजावलं, "बाई, देवाने आपले लोक जगाच्या स्थापनेपूर्वीच निवडलेत. तो त्यांत नसेल तर तुम्ही रडून काय होणार? देवाची इच्छा मान्य करा." त्यांना तिचं दुःख हलकं करायचं असेल. पण तेव्हापासून ती पहाटे उठते, स्तोत्र वाचते, घरातल्या सगळ्यांची नावं घेते, त्याच्या नावापाशी येऊन गप्प होते आणि पुढचं नाव घेते. मला ते ऐकवत नाही.

इफिसकरांस पत्राचा पहिला अध्याय मी वाचलाय. रोमकरांस पत्राचा नववा तर जवळजवळ पाठ झालाय. याकोब आणि एसाव जन्मलेही नव्हते, बरंवाईट काही केलं नव्हतं, तेव्हाच निवड झाली. फारोचं मन कठीण केलं. कुंभार आणि माती. हे सगळं वचनात आहे आणि मी ते नाकारत नाही. पण "जीवन व मरण तुमच्यापुढे ठेवलं आहे, जीवन निवडा" हे अनुवाद ३०:१९ सुद्धा वचनातच आहे. ज्याला निवडताच येत नाही, त्याला "निवड" असं देव कशाला म्हणेल?

सगळं आधीच ठरलेलं असेल तर आईच्या प्रार्थनेने काय बदलणार? आणि सगळं भावाच्या मर्जीवर असेल, देव त्याच्या मनाला हातच लावणार नसेल, तर आम्ही देवाकडे नेमकं मागतो तरी काय? दोन्हीकडून प्रार्थनेचीच मुळं कापली जातात. "हे गूढ आहे" एवढंच लिहून सोडू नका, ही विनंती.

---

जुना_शिष्य

ताई, मी पूर्वनियुक्ती मानतो, म्हणजे तारण कुणाचं हे देवाने आधीच ठरवलंय असं मानतो; सोळाव्या शतकातल्या कॅल्विन या धर्मसुधारकाच्या परंपरेत वाढलोय. म्हणून आधी हेच सांगतो की आईंना जे सांगितलं गेलं, ते आमच्या शिकवणीतही बसत नाही.

१६१८-१९ मध्ये नेदरलँड्समधल्या डॉर्डरेख्टला आमच्या परंपरेची जी सिनड, म्हणजे धर्मसभा, भरली, तिने निवडीची शिकवण अतिशय कडक शब्दांत मांडली. त्याच ठरावांत पहिल्या भागाचं सोळावं कलम वाचा. ज्यांना आपल्यात जिवंत विश्वास अजून जाणवत नाही, पण जे देवाने दिलेल्या साधनांना धरून आहेत, त्यांनी नाकारलेल्यांचं नाव निघालं म्हणून घाबरू नये आणि स्वतःला त्यांत मोजू नये, असं तिथे म्हटलंय. माणसाला स्वतःबद्दल जो निकाल द्यायची परवानगी नाही, तो दुसऱ्याच्या मुलाबद्दल कसा देता येईल? कॅल्विनने प्राचीन ख्रिस्ती आचार्य ऑगस्टीनचा आधार घेऊन लिहिलंय की निवडलेले कोण हे आपल्याला ठाऊक नाही, तेव्हा सगळ्यांचंच तारण व्हावं अशी इच्छा आपण धरावी.

आता प्रार्थनेने काय बदलतं? प्रेषितांची कृत्ये, सत्ताविसावा अध्याय. वादळात जहाज सापडलंय. देवदूत पौलाला सांगतो की तुझ्याबरोबरचे सगळे वाचतील, आणि पौल ते सर्वांना सांगतो. म्हणजे शेवट ठरला. पुढे खलाशी नांगर टाकायच्या निमित्ताने लहान होडी पाण्यात सोडतात आणि पळून जायला बघतात. तेव्हा तोच पौल शताधिपतीला म्हणतो, हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई दोर कापतात, होडी वाहून जाते, आणि २७६ माणसं किनाऱ्याला लागतात. शेवट देवाचा होता तसे कापलेले दोरही त्याच्याच योजनेतले होते. "वाचायचं ठरलंच आहे, खलाशी गेले तर जाऊ देत" असं पौल म्हणाला नाही. आईंची प्रार्थना त्या दोरांच्या जागी आहे.

शिवाय नववा अध्याय वाचून थांबू नका. मूळ पत्रात अध्याय नव्हतेच, ती विभागणी शेकडो वर्षांनंतरची. कुंभार-मातीनंतर थोड्याच ओळींनी, १०:१ मध्ये, पौल लिहितो की इस्राएलाचं तारण व्हावं ही माझी मनापासून इच्छा आणि देवाजवळ विनंती आहे. ज्यांचं मन कठीण झालं असं तो म्हणतो, त्यांच्यासाठीच तो विनवतोय.

---

वाटसरू

वरच्या दादांनी आईंच्या बाजूने लिहिलं, आनंद वाटला. तरी मला हे पुरत नाही. "कोण निवडलेला हे कळत नाही, म्हणून सगळ्यांसाठी प्रार्थना करा" म्हटलं की प्रार्थना आपल्या अज्ञानावर उभी राहते. ती देवाच्या प्रेमावर उभी राहायला हवी. उद्या कुणी ती यादी दाखवली आणि भाऊ तीत नसला, तर मग प्रार्थना थांबवायची का? त्या वडीलजनांनी आपल्या मते यादी वाचली आणि त्यापुढचा सरळ निष्कर्ष काढला, एवढंच.

मी मेथडिस्ट आहे. १ तीमथ्य २:४ मध्ये देवाला सर्व माणसांचं तारण व्हावं असं वाटतं. यहेज्केल ३३:११ मध्ये देव शपथ घेऊन सांगतो की दुष्टाच्या मरणाने मला संतोष होत नाही. कॅल्विनच्या निवडीच्या शिकवणीला विरोध करणारा डच पंडित आर्मिनियस १६०९ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली, त्यांत ख्रिस्त सर्वांसाठी मेला हे स्पष्ट लिहिलं. डॉर्डरेख्टने ती फेटाळली आणि ती मांडणाऱ्या पाळकांना पदावरून काढलं, हेही इथे नोंदवायला हवं.

ताईंच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आमच्या मेथडिस्ट चळवळीचा संस्थापक वेस्ली याच्याकडे आहे. माणूस आपल्या बळावर देवाकडे वळू शकत नाही, हे तो कॅल्विनइतक्याच ठामपणे मानायचा. पण देवाची कृपा माणसाच्या आधी पोचते, मेलेल्या इच्छेला जागं करते, हो किंवा नाही म्हणण्याइतकं बळ देते, आणि जबरदस्ती करत नाही. तेव्हा प्रार्थनेत आपण मागतो ती ही कृपा. देव भावाच्या मनाला हात लावतो. मुरगळत नाही.

---

सांजघंटा

मी कॅथलिक आहे. आमच्याकडे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ मध्येच लिहून ठेवलं की देवाने कुणाला निवडलं हे त्याच्या खास प्रकटीकरणावाचून कुणालाही कळू शकत नाही. पुढे कृपा आणि इच्छा यांचा मेळ कसा बसतो यावरून डोमिनिकन आणि जेझुइट या आमच्याच दोन संघांच्या पंडितांमध्ये एवढं पेटलं की पोपने आयोग नेमला. १५९७ पासून १६०७ पर्यंत वाद चालला आणि पोप पाचव्या पॉलने निकाल न देता तो थांबवला: दोघांनी आपापलं मत ठेवावं, एकमेकांना पाखंडी म्हणू नये.

पण ताई, मला तुमच्या आईंशी मोनिकाबद्दल बोलायचंय. पूर्वनियुक्तीचा विषय पश्चिमेकडच्या ख्रिस्तसभेत ज्याने सगळ्यात खोल नेला, त्या ऑगस्टीनची ती आई. मुलगा विश्वासापासून दूर, मानी नावाच्या गुरूच्या पंथात गेलेला. ३८३ च्या सुमारास तो कार्थेजहून रोमला निघाला. ती किनाऱ्यापर्यंत मागे आली आणि सोडेना. मित्राला निरोप देतोय असं खोटं सांगून त्याने तिला जवळच्या सिप्रियनच्या स्मारकमंदिरात रात्र काढायला लावलं. रात्रभर ती देवाला विनवत राहिली, "याला जाऊ देऊ नकोस," आणि त्याच रात्री जहाज सुटलं. सकाळी ती किनाऱ्यावर आक्रोश करत होती. पण रोमहून तो मिलानला गेला, तिथले बिशप अँब्रोझ यांची प्रवचनं त्याच्या कानावर पडली, आणि ३८७ च्या ईस्टरला त्याचा बाप्तिस्मा झाला. देवाने त्या रात्रीची मागणी नाकारली ती तिची कायमची मागणी पुरी करण्यासाठी, असं त्यानेच पुढे लिहिलं.

म्हातारपणी तो पूर्वनियुक्तीवर लिहायला बसला. शेवटपर्यंत टिकून राहणं ही देवाचीच देणगी, हे सिद्ध करायला त्याने पुस्तक लिहिलं, आणि त्यातच तो सांगतो की माझा नाश झाला नाही तो आईच्या रोजच्या अश्रूंमुळे. त्याला त्यात विसंगती दिसली नाही. उलट, ख्रिस्तसभा अविश्वासूंसाठी प्रार्थना करते, म्हणूनच विश्वास ही देवाची देणगी आहे हे कळतं, असा त्याचा युक्तिवाद आहे. मनं फिरवणं देवाच्या हाती नसतं, तर त्याच्याजवळ ते मागितलंच नसतं. पूर्वनियुक्तीचं नाव घेऊन आईची प्रार्थना थांबवणं ऑगस्टीनला कधीच पटलं नसतं.

---

ओंजळ

सगळ्यांचे मनापासून आभार. सांजघंटाताई, तुमचं उत्तर मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं, आणि सोळावं कलमही. वाटसरूदादा, यादीबद्दल तुम्ही जे लिहिलंत ते माझ्याच मनातलं होतं. एसावचा प्रश्न माझ्यापुरता सुटलेला नाही आणि त्यावर मी भांडत राहणार.

आईने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मोनिकाने जहाज अडवायचं मागितलं, ते चुकीचं निघालं. मग मी त्याच्यासाठी काय मागू? तो उपासनेला यावा असं मागू का?" मला उत्तर देता आलं नाही.

---

वाटसरू

लुदियाबद्दल जे लिहिलंय ते मागा. प्रेषितांची कृत्ये १६:१४. ती जांभळी वस्त्रं विकणारी बाई. फिलिप्पैमध्ये नदीकाठी बायका जमल्या होत्या, पौल बोलत होता, आणि प्रभूने तिचं अंतःकरण उघडलं म्हणून तिने त्याच्या बोलण्याकडे लक्ष दिलं. उघडलं प्रभूने, ऐकलं तिने.

---

जुना_शिष्य

या वचनावर माझी सही. वाटसरू, बाकीच्या मुद्द्यांवर आपलं जुळणार नाही. तुमच्या वेस्लीचं आणि त्याचा सोबती, पण कॅल्विनच्या मताचा प्रवचनकार, अशा आमच्या व्हाइटफील्डचंही १७३९ नंतर याच विषयावरून फाटलं होतं. तरी १७७० मध्ये व्हाइटफील्ड गेला तेव्हा त्याच्या स्मरणार्थ प्रवचन दिलं ते वेस्लीनेच, आणि तेही व्हाइटफील्डच्याच इच्छेवरून.

ताई, आईंना सांगा, त्याच वचनात पौल बोलतोय हेही मागताना विसरू नका. भावाचं मन उघडावं, आणि त्या वेळी त्याच्याशी नीट बोलणारं कुणीतरी त्याच्याजवळ असावं. आणि नाव घेऊन मागा, पूर्वी घ्यायच्या तसं.