४२ जीबी मराठी मजकूर: जीझिपने हवा तेवढा आकसत नाही, काय बदलावं?

जुनेअंक

नमस्कार मंडळी. जुन्या मराठी नियतकालिकांतला मजकूर ओसीआर करून (पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून), तपासून ठेवला आहे. एका ओळीत एक नोंद अशा जेसन फाइली, एकूण ४२ जीबी. त्याच नोंदी शोधासाठी एसक्यूलाइट डेटाबेसच्या टेबलातही आहेत. तिथे प्रत्येक नोंद वेगळी जीझिप करून (दाबून लहान करून) ब्लॉबमध्ये, म्हणजे कच्च्या बाइटांच्या रूपात, ठेवलेली आहे. बहुतेक नोंदी ३०० ते ६०० बाइटच्या.

अडचणी अशा: जीझिपची पातळी ६ वरून ९ केली तरी फाइलीत नावापुरताच फरक पडतो. टेबलातल्या नोंदी फारशा आकसत नाहीत, आणि नुसत्या शीर्षकाच्या नोंदी तर मूळपेक्षा मोठ्या होतात. यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या नेहमीच्या एन्कोडिंगमध्ये) देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, तर आधी दुसऱ्या एन्कोडिंगमध्ये नेऊन मग कॉम्प्रेस करावं का? आणि हा विषय मुळापासून शिकायचा तर सुरुवात कुठून करावी?

कानामात्रा

आधी एक तपासणी करा. जेसन फाइलीतल्या चार ओळी साध्या एडिटरमध्ये उघडा. मराठी अक्षरं दिसतात, की बॅकस्लॅश, यू आणि चार अंक अशी रांग दिसते? पायथनचं जेसन मॉड्यूल मूळ सेटिंगमध्ये दुसऱ्या पद्धतीने लिहितं. मग 'क' तीन बाइटऐवजी सहा बाइटचा होतो. 'एन्शुअर ॲस्की' हा पर्याय फॉल्स करून फाइली पुन्हा लिहिल्या की मूळ आकारच निम्म्याच्या आसपास येतो, कॉम्प्रेशनला हात लावण्याआधीच.

'कॉम्प्रेस केल्यावर ते सारखंच होईल' असं वाटतं, पण होत नाही. कारण जीझिपची खिडकी. जीझिपच्या आत डिफ्लेट ही पद्धत आहे, आणि डिफ्लेट मागच्या फक्त ३२ केबीत जुळणी, म्हणजे आधी येऊन गेलेला तोच तुकडा, शोधतं. सहा चिन्हांचा शब्द आणि एक स्पेस असा हिशेब धरला (काना, मात्रा, हलन्त ही वेगळी चिन्हं मोजून), तर यूटीएफ-८ मध्ये या खिडकीत सुमारे १२ हजार चिन्हं मावतात. बॅकस्लॅशवाल्या रूपात जेमतेम ६ हजार. शिवाय डिफ्लेटची एक जुळणी जास्तीत जास्त २५८ बाइटची असते, म्हणजे एका रूपात ८६ चिन्हं आणि दुसऱ्यात ४३.

पातळी ६ आणि ९ मधल्या फरकाचं उत्तरही इथेच आहे. पातळी वाढवली की जीझिप त्याच ३२ केबीत अधिक कसून शोधतं, खिडकी मोठी होत नाही. दहा पानांमागे आलेला परिच्छेद त्याला ९ वरही दिसत नाही.

आता तीन बाइटचं. 'क' म्हणजे ई० ए४ ९५. 'की' मधली वेलांटी म्हणजे ई० ए५ ८०. पहिला बाइट कायम ई०, दुसरा ए४ किंवा ए५, म्हणजे खरी माहिती जवळपास सगळी तिसऱ्या बाइटात. चांगल्या कॉम्प्रेसरला पहिल्या दोन बाइटांची किंमत फार पडत नाही. डिफ्लेटला मात्र पडते. त्याचा हफमन कोड (जास्त वेळा येणाऱ्या चिन्हाला कमी बिट देणारी पद्धत) आधीचा बाइट कोणता होता हे पाहत नाही आणि कुठल्याही चिन्हाला एक बिटपेक्षा कमी देऊ शकत नाही. जुळणीबाहेर राहिलेल्या प्रत्येक अक्षरामागे ई० आणि ए४ चे बिट भरावेच लागतात.

म्हणून एन्कोडिंग बदलण्याआधी कॉम्प्रेसर बदला. युनिकोडची एससीएसयू ही पद्धत देवनागरी चिन्ह एका बाइटात बसवते (०९०० पासूनची खिडकी तिच्यात आधीच ठरलेली आहे) आणि आयसीयू या युनिकोड लायब्ररीच्या यूकॉन्व्ह साधनाने रूपांतरही होतं. पण वीस वर्षांनी फाइल उघडणाऱ्याला एक पायरी जास्त माहीत असावी लागेल. जतनाच्या प्रतीसाठी ही जोखीम घेऊ नका.

दशांश८

टेबलातल्या छोट्या नोंदींबद्दल. जीझिपचा मथळा १० बाइट आणि शेपूट ८ बाइट, म्हणजे प्रत्येक नोंदीवर १८ बाइटचा बोजा ठरलेला. ४० बाइटच्या शीर्षकाला हा फारच जड. पण मोठं कारण वेगळं आहे: प्रत्येक नोंद कोऱ्या पाटीवर सुरू होते. ४०० बाइटांत पुन्हा येणारं असतंच किती? 'आणि', 'आहे', 'मध्ये', जेसनच्या त्याच किल्ल्या (नोंदीतल्या रकान्यांची नावं) हे सगळं लाखो नोंदींत सारखं आहे, पण एका नोंदीच्या आत एकदाच येतं.

यावर उपाय झेडस्टँडर्ड या कॉम्प्रेसरचा प्रशिक्षित शब्दकोश, म्हणजे नमुना नोंदींतून आधीच काढून ठेवलेले नेहमीचे तुकडे. क्रम असा:

नमुन्यासाठी नोंदी निवडा, पण फाइलीच्या सुरुवातीच्या नकोत. सगळ्या नियतकालिकांतून, सगळ्या दशकांतून यादृच्छिक काढा. शब्दकोशाचा मूळ कमाल आकार ११२६४० बाइट आहे, आणि नमुना त्याच्या शंभरपट असावा, म्हणजे सुमारे ११ एमबी. तुमच्या आकाराच्या साधारण २२ ते २५ हजार नोंदी झाल्या.

प्रत्येक नोंद हा वेगळा नमुना म्हणून द्या. सगळ्या एका फाइलीत जोडून ठरावीक आकाराचे तुकडे करण्याचाही पर्याय आहे, पण मग तुकडा नोंदीच्या मध्येच किंवा अक्षराच्या तीन बाइटांच्या मध्येच पडतो आणि शब्दकोशात अर्धवट कचरा शिरतो. पायथन ३.१४ पासून झेडस्टँडर्ड मूळ लायब्ररीतच आहे. नोंदींची यादी थेट प्रशिक्षणाच्या फंक्शनला देता येते.

नमुन्यात न वापरलेल्या काही हजार नोंदींवर आकार मोजा. नमुन्यावरच मोजलं तर आकडा फसवा चांगला येतो.

आणि सगळ्यात महत्त्वाचं: शब्दकोश हरवला की नोंदी गेल्या. त्या दुसऱ्या कशानेही उघडत नाहीत. तो त्याच डेटाबेसमध्ये वेगळ्या टेबलात, क्रमांकासकट ठेवा. पुढे नवा शब्दकोश केलात तर जुन्यावर लिहू नका, त्याला नवा क्रमांक द्या. कॉम्प्रेस झालेल्या नोंदीच्या मथळ्यात शब्दकोशाचा क्रमांक असतो, त्यावरून योग्य शब्दकोश निवडता येतो.

शंभर बाइटांखालच्या नोंदी मात्र शब्दकोशासह आणि तशाच, दोन्ही मोजून पाहा. जी लहान ती ठेवा आणि नोंद दाबलेली आहे की तशीच, हे एका वेगळ्या स्तंभात नोंदवा.

पेनपाटी

४२ जीबीच्या जतन-प्रतीसाठी माझं मत: रोज लागणारी प्रत झेडस्टँडर्डमध्ये, कपाटात ठेवायची प्रत एक्सझेड या दुसऱ्या कॉम्प्रेसरमध्ये.

झेडस्टँडर्ड पातळी १९ ची खिडकी ८ एमबी. त्यासोबत 'लाँग' पर्याय २७ दिला की ती १२८ एमबी होते, आणि उघडताना वेगळं काही सांगावं लागत नाही. २७ च्या वर गेलात तर उघडतानाही तोच पर्याय द्यावा लागतो, नाहीतर 'मेमरी पुरत नाही' अशा अर्थाची चूक येते आणि लोक फाइल बिघडली समजतात. ३१ चा मोह टाळा.

त्याआधी नोंदी लावून घ्या. एकाच नियतकालिकाच्या, एकाच सदराच्या नोंदी सलग आल्या की जुळण्या जवळ सापडतात. पुनर्मुद्रित लेख, तीच जाहिरात, अंकाच्या तळाची तीच ओळ यांवर याचा फायदा पातळी वाढवण्यापेक्षा जास्त होतो.

एक्सझेडमध्ये देवनागरीसाठी दोन आकडे बदलण्यासारखे आहेत. 'पीबी' मूळचा २ असतो, म्हणजे चार-चार बाइटांच्या आखणीची अपेक्षा. आपली अक्षरं तीन बाइटांची, त्यामुळे ती आखणी इथे निरर्थक. पीबी ० करा. 'एलसी' मूळचा ३, तो ४ करा (एलपी हा तिसरा आकडा ० च ठेवा, एलसी आणि एलपीची बेरीज ४ च्या वर चालत नाही). एलसी म्हणजे पुढचा बाइट ओळखताना मागच्या बाइटाचे वरचे किती बिट पाहायचे. तीनच बिट पाहिले तर ए४, ए५ आणि ए० ते बीएफ हे सगळे बाइट एकाच खणात पडतात. म्हणजे 'अक्षर अर्धं झालंय' आणि 'अक्षर संपलंय' यांत फरकच उरत नाही. चार बिट पाहिले की बी० ते बीएफ वेगळे निघतात, आणि त्यांतच र, ल, व, श, स, ह, काना आणि ऱ्हस्व वेलांटी आहेत. मराठीत सगळ्यात जास्त येणाऱ्यांपैकी ही मंडळी.

पातळी ९ ला कॉम्प्रेस करताना एका थ्रेडला ६७४ एमबी मेमरी लागते, उघडताना ६५ एमबी. आठ थ्रेड लावलेत तर ५ जीबीच्या बऱ्याच वर जाल. एक्सझेडच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मार्च २०२४ मध्ये घुसवलेला मागचा दरवाजा सापडला होता. त्या दोन कुठे राहिल्या असतील तर काढा.

सेव्हन-झिपमधली पीपीएमडी ही पद्धत साध्या मजकुराला फार उत्तम, पण तिची 'ऑर्डर', म्हणजे पुढचं ओळखताना मागचं किती पाहायचं, ती बाइटांत मोजतात. ऑर्डर ६ म्हणजे मराठीत मागची दोनच चिन्हं! १२ ते १६ वर नेऊन, मेमरी वाढवून पाहा. उघडायला कॉम्प्रेस करण्याइतकाच वेळ आणि तितकीच मेमरी लागते, म्हणून रोजच्या वापराला नको.

एकच ४२ जीबीची फाइल करू नका. १ जीबीचे तुकडे, तेही ओळीच्या शेवटी तोडलेले. कॉम्प्रेशन म्हणजे पुनरुक्ती काढणं, त्यामुळे एक बिट बिघडला तर पुढचं बरंच वाचता येत नाही. तुकड्यांसोबत पार२ च्या दुरुस्ती-फाइली ५ ते १० टक्के ठेवा. मूळ पुसण्याआधी प्रत्येक तुकडा उघडून त्याचा शा-२५६ (फाइलीच्या मजकुरावरून काढलेला ओळख-आकडा) मूळाशी जुळवा, फक्त 'टेस्ट' पर्यायावर भागवू नका.

कानामात्रा

वरच्यात एक भर. एकच शब्द दोन तऱ्हांनी टंकलेला असेल तर कुठलाही कॉम्प्रेसर ते दोन शब्द समजतो. 'दुसऱ्या' घ्या. ऱ हे स्वतंत्र चिन्ह वापरून लिहिला तर सात चिन्हं, २१ बाइट. साधा र, हलन्त आणि मग न दिसणारा जोडक घालून लिहिला तर आठ चिन्हं, २४ बाइट. पडद्यावर दोन्ही सारखे. तसंच 'ॲप' मधला ॲ एक चिन्हाचा, किंवा अ आणि वर चंद्र असा दोन चिन्हांचा. युनिकोडचं एनएफसी नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगळी रूपं एकसारखी करण्याची पद्धत) यांपैकी काहीच एकत्र आणत नाही. ऱ च्या बाबतीत ते फक्त 'र आणि खाली नुक्ता' याचा ऱ करतं. बाकीसाठी स्वतःचा बदल-तक्ता लागतो. शोधातही या नोंदी निसटत असणार, तेव्हा शोधाच्या प्रतीत हे जरूर करा. जतनाच्या प्रतीत मूळ तसंच राहू द्या.

जुनेअंक

खूप आभार. जेसन तपासलं, बॅकस्लॅशवालंच निघालं. आणखी दोन गोष्टी. पानांचे स्कॅन पीडीएफमध्ये आहेत, ते एक्सझेडने जराही कमी होत नाहीत. आणि टेबल चालू असताना जीझिपवरून झेडस्टँडर्डवर कसं जायचं? शोध बंद ठेवता येत नाही.

खिळेजुळारी

स्कॅन कमी होत नाहीत कारण पीडीएफच्या आत चित्रं आधीच जेपेग किंवा तत्सम रूपात दाबलेली आहेत. दाबलेल्या डेटात पुनरुक्ती उरत नाही. कमी करायचं तर चित्र उघडून दुसऱ्या पद्धतीने साठवावं लागतं.

काळी-पांढरी पानं सीसीआयटीटी गट ४ किंवा जेबिग२ मध्ये छान बसतात. पण जेबिग२ ची 'चिन्ह-बदल' पद्धत, म्हणजे सारखी दिसणारी अक्षरं शोधून सगळीकडे एकच ठसा वापरणं, कृपा करून वापरू नका. २०१३ मध्ये डेव्हिड क्रीझेल यांनी दाखवून दिलं की काही ऑफिस स्कॅनर याच पद्धतीपायी ६ च्या जागी ८ छापत होते, तेही अगदी स्वच्छ, धूसर न होता. देवनागरीत घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व. जुन्या खिळ्यांच्या छपाईत शाई पसरलेली असते, तेव्हा हा धोका आणखी मोठा. चूक डोळ्यांनाही कळत नाही, कारण चुकीचं अक्षरही सुबक दिसतं. जेबिग२ घ्यायचंच तर त्याची बिनतोटा 'जेनेरिक' पद्धतच घ्या.

शिकण्याबद्दल: क्लॉड शॅनन यांची एन्ट्रॉपीची कल्पना (१९४८), हफमन (१९५२), लेम्पेल आणि झिव्ह (१९७७) या क्रमाने जा. पण वाचनाआधी हात चालवा. एक मराठी परिच्छेद घेऊन बाइटांची वारंवारता मोजा, कागदावर हफमनचं झाड काढा. मग तेच बाइटऐवजी चिन्हांवर करा. ई० आणि ए४ चा खर्च कुठून येतो हे तिथे स्वतः दिसेल. नंतर आरएफसी १९५१ वाचा. डिफ्लेटचं पूर्ण वर्णन त्यात आहे आणि आकाराने ते छोटं आहे. त्याच्या जोडीला झेडलिबच्या 'कॉन्ट्रिब' फोल्डरातलं मार्क ॲडलर यांचं 'पफ' पाहा, ते समजावं म्हणूनच साधं लिहिलेलं डिकोडर आहे. मार्क ॲडलर यांचंच 'इन्फजेन' जीझिप फाइलीतली प्रत्येक जुळणी आणि प्रत्येक लिटरल (जुळणीबाहेर राहिलेला बाइट) ओळीओळीने दाखवतं. आपला मराठी मजकूर त्यातून काढून पाहणं हा सगळ्यात चांगला धडा. पुढे बरोज-व्हीलर आणि अंकगणिती कोडिंग या आणखी दोन पद्धतींसाठी मॅट महोनी यांचं मोफत वाचता येणारं लेखन.

दशांश८

टेबलाचं सोपं आहे. जीझिपचा ब्लॉब नेहमी १एफ ८बी ने सुरू होतो, झेडस्टँडर्डचा २८ बी५ २एफ एफडी ने. वाचणाऱ्या फंक्शनमध्ये सुरुवातीचे चार बाइट पाहून फाटा करा आणि आधी तेवढंच बदलून चालू करा. ते नीट चाललं की नव्या नोंदी झेडस्टँडर्डमध्ये लिहायला लागा. मग जुन्या नोंदी पाच-पाच हजारांच्या व्यवहारांत (ट्रान्झॅक्शनमध्ये) बदला: उघडा, नव्याने दाबा, पुन्हा उघडून मूळाशी जुळवा, मगच लिहा. सगळं झाल्यावर एकदा व्हॅक्यूम ही रिकामी जागा काढून टाकणारी आज्ञा चालवा, नाहीतर डेटाबेसची फाइल आहे तेवढीच राहते. व्हॅक्यूमला डिस्कवर मूळ फाइलीच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते, आणि ते चालू असताना लेखन थांबतं. तेवढं रात्री उरका.