मदत हवी आहे: सपाट पिशवी फुगवल्यावर जास्तीत जास्त घनफळ किती?

२० × ३० सेंमीची, चारही कडा बंद असलेली प्लास्टिकची पिशवी आहे. प्लास्टिक ताणत नाही, सुरकुत्या पडल्या तरी चालतील. टोकं मिटलेली आहेत हे विसरून दंडगोल धरला, तर सुमारे ३८२० घनसेंमी येतात. ते अर्थातच फार जास्त. अशा आयताकृती पिशव्यांसाठी रॉबिन यांनी २००४ मध्ये दिलेल्या अंदाजी सूत्राने सुमारे २७२० येतात. पण त्याच सूत्राने १ × १ च्या चौरस पिशवीला ०.१९ मिळतं, आणि सुरकुत्या धरून केलेल्या संगणकीय मांडणीत ते ०.२ च्या वर गेलेलं आहे. म्हणजे सूत्र थोडं कमीच सांगतं.

पाणी भरून मोजायचं नाही, वजनाने आकार बदलतो. गोल पिशवीचं उत्तर माहीत आहे, ते इथे लागू नाही. तर १:१.५ प्रमाणाच्या आयताला २७२० पेक्षा चांगली खालची मर्यादा (म्हणजे निदान एवढं घनफळ नक्की मिळतं असा आकडा) कशी काढायची?