रेड बुलची दुसरी सीट: नाचता येईना, की अंगणच वाकडं?

तिसरा_कोपरा

मी २०१९ पासून फॉर्म्युला वनची एक वही ठेवलीय. प्रत्येक पात्रता फेरी संपली की डाव्या रकान्यात रेड बुल संघाच्या मॅक्स व्हर्स्टॅपेनचा क्रमांक, उजव्या रकान्यात त्याच्या जोडीदाराचा. डावीकडचं नाव सात वर्षांत एकदाही बदललं नाही. उजवीकडे गॅस्ली, अल्बन, पेरेझ, लॉसन, त्सुनोडा. आता २०२६ चा जोडीदार इसाक हाजारसाठी नवं पान उघडायचं, तर हात धजत नाहीये.

२०२५ चं पान तर बघवत नाही. शांघायला लॉसन स्प्रिंटच्या (शनिवारच्या छोट्या शर्यतीच्या) पात्रता फेरीत विसावा, दुसऱ्या दिवशी मुख्य शर्यतीच्या पात्रता फेरीतही विसावा. विसाच्या खाली क्रमांकच नव्हता, म्हणून तिथे थांबला. दोन शर्यतींत खेळ खल्लास, जपानपासून त्सुनोडा. वर्षअखेरीचा हिशेब: व्हर्स्टॅपेन ४२१, त्सुनोडाचे रेड बुलमधले ३०, लॉसनचा भोपळा. संघाचे ४५१ आणि मर्सिडीजचे ४६९. दुसऱ्या गाडीनं एकोणीस गुण जास्तीचे आणले असते तरी रेड बुल तिसऱ्याऐवजी दुसरी आली असती. आणि एकोणीस गुण म्हणजे दोनदा पाचवा क्रमांक, इतकंही नाही.

तर प्रश्न असा: दोष गाडीत आहे की बसणाऱ्यांत? आणि २०२६ ला नियमच नवे येतायत, मग हाजारला खरंच संधी आहे, की तोही यादीतलं पुढचं नाव? "मॅक्स वेगळ्याच ग्रहावरचा आहे" हे उत्तर कृपया नको. ते ऐकून कान किटलेत.

नुसता_प्रेक्षक

सरळ आहे. नाचता येईना अंगण वाकडं. त्याच गाडीत एक जण वर्षात आठ शर्यती जिंकतो, झँडव्होर्टच्या शर्यतीनंतर आघाडीवरच्या पियास्ट्रीच्या १०४ गुणांनी मागे असताना शेवटी विजेत्या नॉरिसच्या अवघ्या दोन गुणांवर येऊन थांबतो. ४२३ विरुद्ध ४२१. वाईट गाडीत हे होतं का? (आणि स्पेनला रसेलला धडक देऊन दहा सेकंदांची शिक्षा ओढवून घेतली नसती तर? पाचव्याचा दहावा झाला, नऊ गुण गेले. विश्वविजेतेपद तिथे सांडलं. पण ते असो.)

सिमवाला

एकाला नाचता येईना तर त्याला हसा. लागोपाठ पाच जणांना येईना, तर एकदा अंगणाला गुणिया लावून बघायला काय हरकत आहे?

बाकूची २०२५ ची शर्यत आठवा. पहिला व्हर्स्टॅपेन. त्याच रेड बुलमधला त्सुनोडा सहावा. आणि त्सुनोडाच्या पुढे पाचवा कोण? लॉसन! ज्याला मार्चमध्ये खाली धाडला तो, रेड बुलच्याच धाकट्या संघाच्या गाडीत. सहा महिन्यांत माणूस गाडी चालवायला शिकला असं तर नाही ना? गॅस्लीचंही तेच. २०१९ ला हंगेरीत व्हर्स्टॅपेननं त्याला एक पूर्ण फेरी मागे टाकलं, बारा शर्यतींनंतर हकालपट्टी. पुढच्याच वर्षी त्यानं धाकट्या संघाच्या गाडीत मोंझाची शर्यत जिंकली.

'वाईट गाडी' आणि 'अवघड गाडी' या दोन गोष्टी आहेत. मी घरी सिम्युलेटरवर बसतो, हौशीच, पण एक प्रयोग तुम्हीही करून बघा. फ्रंट विंगचा (नाकावरच्या पंखाचा) कोन नेहमीपेक्षा चांगला चार खुणा वाढवा, मागची विंग आहे तशीच ठेवा. मी केलं तेव्हा पहिल्या दोन फेऱ्या स्वर्ग होत्या. स्टीअरिंग वळवायचं मनात आणलं की नाक आतल्या कडेला हजर. तिसऱ्या फेरीत एका वळणात शिरताना ब्रेकवरचा पाय सुटायला किंचित उशीर झाला, वजन पुढे आलेलं, मागचा भाग हलका, आणि पुढच्या क्षणी मी आलेल्या रस्त्याकडे तोंड करून उभा. नंतर वेळा पाहिल्या तर त्या रात्रीची सगळ्यात वेगवान फेरी दुसरीच होती. सगळी गोम इथेच आहे. अशी गाडी खरोखर वेगवान असते, फक्त ती तुम्हाला झेपायला हवी. अल्बननं याला संगणकाच्या माऊसची उपमा दिली होती: संवेदनशीलता अगदी टोकाला नेऊन ठेवलेला माऊस. बोट हललं की बाण पडद्याच्या दुसऱ्या टोकाला.

आता संघाच्या जागी स्वतःला ठेवा. नवे भाग आले. एकाला ते आवडतात आणि तो दोन दशांश वेगवान होतो. दुसरा म्हणतो मागचं टोक विश्वासाचं नाही. ऐकणार कुणाचं? जो जिंकतो त्याचं. पुढचे भागही त्याच दिशेचे. दुसरा आणखी दूर. यात कुणाचं कारस्थान नाही, पण उतार एकाच बाजूला आहे. २०२३ बघा. पहिल्या चार शर्यती संपल्या तेव्हा दोन पेरेझच्या, दोन व्हर्स्टॅपेनच्या. मायामीला पेरेझ पोलवर (सुरुवातीला सगळ्यात पुढे), व्हर्स्टॅपेन नववा. तिथून येऊन व्हर्स्टॅपेननं शर्यत जिंकली, आणि त्यानंतर पेरेझ त्या वर्षी एकही जिंकला नाही. संघानं २२ पैकी २१ जिंकल्या, त्यातल्या १९ एकट्याच्या. अशा वर्षी "गाडीचं काहीतरी बिघडतंय" असं कोण म्हणेल?

मग २०२४ ला बिल आलं. स्पेननंतर ब्राझीलपर्यंत मुख्य शर्यतीत दहा वेळा व्हर्स्टॅपेनही न जिंकता परत आला. मोंझात सहावा आला आणि त्यानं स्वतःच गाडीला राक्षस म्हटलं. पेरेझ तोवर वर्षभर तेच सांगत होता, फक्त त्याच्या तक्रारीला गुणांचं वजन नव्हतं. वर्षअखेरीला तो १५२ गुणांवर आठवा आणि करार वाढवलेला असूनही घरी.

तिसरा_कोपरा

हे पटतंय. पण मग २०२५ च्या उत्तरार्धात मॅक्सनं सहा जिंकल्या तेव्हा गाडी सुधारली होती ना? त्सुनोडा का नाही वर आला?

सिमवाला

थोडा आलाही. पण त्याची दुसरी भानगड होती. इमोलाला पात्रता फेरीत त्यानं गाडी उलटीपालटी केली, जबर अपघात. सुटे भाग मोजून-मापून असतात, खर्चाला मर्यादा असते, मग बराच काळ तो जुन्या भागांवर. स्पाच्या शर्यतीला नवा फ्लोअर (गाडीचा तळ) मिळाला तो ऐन पात्रता फेरीच्या तोंडावर, आणि पठ्ठ्या सातवा! शर्यतीत टायर बदलायला पिटला बोलवायला संघानंच उशीर केला आणि तो तेरावा आला. तुमच्या वहीत त्या शनिवारी नुसतं ७ असेल.

त्सुनोडा व्हर्स्टॅपेनच्या तोडीचा आहे असं माझं म्हणणं नाही. अंतर राहणारच होतं. पण चार दशांशांचं अंतर असेल तर माणूस सहावा-सातवा येतो, आठ दशांशांचं असेल तर सोळावा. हल्ली सगळा घोळका इतका जवळ आहे की मधल्या चार दशांशांत दहा गाड्या मावतात.

आकडेमोड

२०२६ बद्दल थोडं, कारण धाग्याचा अर्धा प्रश्न तोच आहे.

२०२२ पासूनच्या गाड्या फ्लोअरखालच्या बोगद्यांतून डाउनफोर्स (गाडीला जमिनीकडे दाबणारा जोर) काढायच्या. त्यासाठी त्या जमिनीला जवळजवळ चिकटून आणि दगडासारख्या कडक चालवाव्या लागायच्या. उंची किंचित इकडेतिकडे झाली की तोल जायचा. ते बोगदे आता गेले, फ्लोअर बराच सपाट. गाडी साधारण ३० किलोनं हलकी (किमान वजन ७६८), दहा सेंटीमीटर अरुंद. पुढच्या-मागच्या दोन्ही विंग सरळ रस्त्यावर झोपणार आणि वळणात उभ्या राहणार. विजेची मोटर १२० किलोवॅटवरून थेट ३५०. म्हणजे चालकाला बॅटरी कुठे भरायची, कुठे ओतायची हे डोकंही चालवावं लागेल.

हाजारच्या दृष्टीनं चांगली बाजू: या गाडीचा इतिहासच नाही. सात वर्षं एकाच्या हाताला बसवत आणलेली ही गाडी नाही, पाटी कोरी आहे. शिवाय जितका संघ मागे, तितक्या वाऱ्याच्या बोगद्यातल्या चाचण्या जास्त; रेड बुल तिसरी आल्यामुळे २०२६ च्या पहिल्या सहामाहीत तिला ८० टक्के मिळतात, विजेत्या मॅक्लारेनला ७०. म्हणजे चाचणीच्या दर टप्प्याला २५६ विरुद्ध २२४ चाचण्या.

वाईट बाजू: इंजिनही स्वतःचं, फोर्डच्या साथीनं, पहिल्यांदाच. ते गडगडलं तर दोघंही मागे, आणि मागे असताना नवे भाग आधी कुणाला मिळतील ते सांगायला ज्योतिषी नको.

नुसता_प्रेक्षक

अंगणाचा मुद्दा अर्धा मान्य. पण पोरगा टिकेल का? मेलबर्न २०२५, त्याची पहिलीच शर्यत, आणि तीही सुरू व्हायच्या आधी, फॉर्मेशन लॅपवरच ओल्या रस्त्यावर गाडी भिंतीत. हेल्मेट न काढता रडत परत येत होता, हॅमिल्टनच्या वडिलांनी जवळ घेतलं. त्याच्या आधी २०२४ ला एफ-टूचं (एफ-वनच्या खालच्या मालिकेचं) विजेतेपद शेवटच्या शर्यतीवर होतं, तिथे गाडी सुरुवातीलाच बंद पडली. रेड बुलच्या गॅरेजमध्ये असं झालं तर जवळ घ्यायला कुणी नसतं.

सिमवाला

त्याच पोरानं झँडव्होर्टला चौथ्यावरून सुरुवात केली, लेक्लेर आणि रसेलला मागे ठेवलं, नॉरिस बंद पडल्यावर तिसरा आला आणि चिनीमातीची ट्रॉफी फोटो काढताना फोडली. :) रडणारा माणूस कच्चा असतो असं मला वाटत नाही. लॉसन मेलबर्न-शांघायला एकदाही रडला नाही, त्याचं काय झालं ते बघितलंच.

मला काळजी वेगळीच आहे. हाजारची धाकट्या संघातली २०२५ ची गाडी सोशिक होती, कुठल्याही ट्रॅकवर शुक्रवारीच तिच्यावर विश्वास टाकता यायचा. हाजारचा सगळा हिशेब त्या विश्वासावर उभा आहे: पहिल्या सरावात लगेच वेग, भिंतीला घासून. नवी रेड बुल पहिल्या दिवशी तशी वागली नाही तर तो काय करतो, ते कुणीच पाहिलेलं नाही. त्यानं सेटअप (गाडीची जुळणी) मॅक्सचा उचलू नये एवढंच वाटतं. आधीच्यांनी कधी ना कधी तो मोह केला.

तिसरा_कोपरा

स्पाचं पान काढून बघितलं. डावीकडे ४, उजवीकडे ७, खाली माझ्याच अक्षरात "बरा दिवस, का कोण जाणे". फ्लोअरचा पत्ताच नव्हता.

आठ मार्च २०२६ ला मेलबर्न. या वेळी तीन रकाने आखतोय. तिसऱ्यात नवे भाग कुणाच्या गाडीवर आले ते. सिमवाला, तुम्हाला शुक्रवारीच कळलं तर इथे टाका, मी तोवर जागा मोकळी ठेवतो.